पुण्याचे पॅसेंजर आणि पनवेलचे पॅसेंजर

माझी धाकटी लेक टॅक्सी चालवते. मोबाइलवरून बोलावतात ती. हे आधीच सांगून टाकते, कारण मध्येच सांगितलं की लोक थांबवून विचारतात, गाडी तिची आहे का, ड्रायव्हर ठेवलाय का? गाडी तिची आणि ड्रायव्हरही तीच. नवऱ्याशी पटलं नाही तेव्हा ती पुण्याला गेली, तिथेच गाडी शिकली आणि काही वर्षं तिथेच चालवली. मागच्या वर्षी मी बाथरूममध्ये घसरले, उजवा हात मोडला, तेव्हा ती गाडी घेऊन इकडे आली. ॲपवर शहर बदलून घेतलं आणि पनवेलच्या फेऱ्या मारायला लागली.

आल्या आल्याच बोलली, "दिवाळीपर्यंत बघते. जमलं तर राहीन. नाही जमलं तर परत जाईन, आणि मग तूही चल."

मला काही जायचं नव्हतं. आमचं घर पनवेलजवळ, ओवे गावाच्या अंगाला. शेतं केव्हाच गेली, चारी बाजूंनी टॉवर उठले, पण आमच्या गल्लीत अजून कुणाच्या घरी काय शिजतंय ते कळतं. पुण्याला तिच्या खोलीवर मी मागे राहून आले होते. समोरच्या दारातली बाई रोज हसायची, पण तिचं आडनाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हा माझ्या मनात एवढंच, की हिचं इथे जमलं पाहिजे.

आता पुण्याचं कसं, ते तिच्याकडून ऐकलेलं आणि थोडं मी स्वतः पाहिलेलं सांगते. तिथे माणूस सोसायटीच्या गेटवर उभा असतो, मोबाइलात ठिपका जिथे दिसतो अगदी तिथेच. मागच्या सीटवर बसतो, ओटीपी सांगतो आणि कानात मोबाइलचे बोळे घालतो. हिंजवडीपर्यंत एक शब्द नाही. गाडी तासभर जागेवर उभी असली तरी शब्द नाही. बोलणाऱ्या असतात त्या वयस्कर बायका, पण त्या रस्त्याबद्दल बोलतात. इथून नको, त्या बोळातून घे, मी इथे जन्मापासून राहते. मॅपने काही का सांगेना. बाई गाडी चालवते म्हटल्यावर तिकडच्या मुली "थँक्यू ताई" बोलतात आणि निवांत झोपतात. उतरले की दार लावलं, विषय संपला. लेकीला ते बरं वाटायचं. नको त्या चौकशा नाहीत.

आणि इथे? इथे ठिपका शेतात पडतो. मग फोन येतो, मारुतीच्या देवळामागे ये. कुठल्या मारुतीच्या, तर आमच्या. बुकिंग चौघांचं असतं आणि दारात सातजण तयार होऊन उभे. बाजारातून येणाऱ्या बाईच्या पाटीतून मासळीचं पाणी गळत असतं. तळोज्याच्या कारखान्यांची शिफ्ट सुटली की तिघं मिळून एक गाडी करतात, बसल्या बसल्या झोपतात, आणि त्यांच्या कपड्यांचा केमिकलचा वास पुढच्या दोन फेऱ्या गाडीतून जात नाही. खारघरच्या टॉवरमधले मात्र पुण्यासारखेच, तेही कानात बोळे घालतात. आता नवीन विमानतळाच्या फेऱ्या असतात. पुण्याचा माणूस विमानाला जाताना एकटा जातो. आमच्याकडचा एक उडणार असला तर त्याला पोचवायला अख्खं घर, आणि तो आत गेला की घर बोलतं, पोरी, आता आम्हाला परत सोड.

पुढे कोण बसणार हा आणखी घोळ. गावातला म्हातारा माणूस पुढेच बसतो, तो त्याचा मान. पण स्टेअरिंगवर बाई बघितली की त्याला काही सुचत नाही. मागे बसावं तर कुणाच्या तरी लेकीला ड्रायव्हर केल्यासारखं वाटतं, पुढे बसावं तर परक्या बाईच्या शेजारी. एक आजोबा म्हणे दार उघडून इतका वेळ विचार करत राहिले, की मागच्या टेम्पोवाल्याने खाली उतरून त्यांना मागे बसवलं.

या सगळ्याची ती हसून गंमत सांगायची. पण महिन्याभरात हसणं कमी झालं. उतरल्यावर पॅसेंजर मोबाइलवर स्टार देतो, पाच म्हणजे चांगलं. पुण्यात तिला सगळे पाच द्यायचे. इथे दोन, तीन, कधी एक. स्टार फार उतरले की बुकिंग कमी येतात, आणि आणखी उतरले की ॲपवाले बंदच करतात. ती वेळेवर जायची, गाडी पुसलेली असायची, ब्रेक कधी करकचून मारायची नाही. तरी स्टार उतरत होते, आणि शहरातल्यांपेक्षा गावातले पॅसेंजर जास्त कापत होते. हे तिचं तिलाच कळेना. एके दिवशी जेवताना बोलली, "आई, इथल्या लोकांना मी नको आहे. दिवाळीची वाट कशाला बघायची?"

मी ताटातला भात चिवडत बसले.

त्याच आठवड्यात आमच्या भावकीत हळद होती. आमच्याकडे हळदीला लग्नापेक्षा जास्त माणसं असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. जेवणं उरकल्यावर बायका खुर्च्या ओढून बसल्या. नवऱ्या मुलाची मावशी माझ्या शेजारी होती. तळोज्याच्या अलीकडच्या गावातली, चांगली थोराड बाई, आमची ओळख नव्हती. ती डोळ्यांच्या ऑपरेशनची हकिकत सांगत होती, आणि सांगता सांगता गाडीवर आली. दवाखान्यातून येताना सुनेने गाडी बोलावली, तर चालवायला बाई. रस्ताभर तोंडातून अक्षर नाही. दारात उतरल्यावर मावशीने हाक मारली, ये गं, पाणी पिऊन जा. तर मान हलवली आणि गाडी फिरवून गेली.

"काच पण खाली केली नाय," मावशी बोलली. "दारातनं तहानेली गेली बाई. आमी काय इतके हलके हाव? सुनेला सांगितलं, दे तिला दोन."

दुसरी एक बाई लगेच बोलली, आमच्याकडे पण तीच आलेली, सरबत केलं तर हात नाय लावला. आखडू हाय.

आमच्या भागात टॅक्सी चालवणारी दुसरी बाई नाही. ती आखडू माझीच होती. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला पाणी विचारायचं ही रीत. पोस्टमनला विचारतो, सिलिंडरवाल्याला विचारतो. आणि विचारल्यावर घोटभर घ्यायचं, ही पण रीतच. ही लेक माझ्या हातची वाढलेली, तिला हे माहीत नाही असं कसं होईल?

घरी आल्यावर मी तिला धरलंच. पुण्याला जाऊन एवढी शहाणी झालीस का, लोकांच्या घरचं पाणी चालत नाही का, मला मान खाली घालून बसावं लागलं, असं बरंच. ती चादरीची घडी घालत होती. सगळं ऐकून घेतलं.

मग बोलली, "पाणी प्यायले तर जायचं कुठे?"

मला आधी कळलंच नाही.

"आई, दिवसभर गाडीत असते मी. पुरुष कुठेही गाडी बाजूला लावतात. पुण्यात मॉल तरी आहेत, माझे दोन पेट्रोलपंप ठरलेले होते. तरी सकाळी कपभर चहा घेतला की दुपारपर्यंत घोट नाही. इथे तळोज्यापासून कर्नाळ्यापर्यंत बाईने कुठे जायचं, सांग. प्रत्येक दारात तांब्याभर पाणी प्यायले तर चार फेऱ्यांतच गाडी बंद करून घरी यावं लागेल."

मी विचारलं, असं तोंडाने का नाही सांगत लोकांना? ती बोलली, काय सांगू, काकू मला लघवीला लागेल म्हणून तुमचं पाणी नको? आणि परक्याच्या घरात शिरायचं नाही, हा नियम तिने पुण्यात पहिल्या दिवशीच स्वतःला घालून घेतला होता. त्यात तिचं काही चुकलेलं नव्हतं. घरात कोण असेल, काय सांगता येतं?

तेव्हा मला आठवलं, मध्यंतरी डॉक्टरने तिला पाणी पीत जा म्हणून दटावलं होतं, आणि मी समजत होते की हिला सवयच नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न. मांडवात मी मावशीच्या शेजारची खुर्ची मुद्दाम धरली. अक्षता पडल्यावर सांगितलं, काल तुम्ही बोललात ती माझी लेक. मावशी जरा कावरीबावरी झाली. मग मी पाण्याचं सांगितलं, जसं लेकीने मला सांगितलं तसंच, आडपडदा न ठेवता.

मावशीने खुर्ची माझ्याकडे ओढली. मग हळूच बोलायला लागली. लग्न होऊन आली तेव्हा ती उरणकडे मिठागरावर कामाला जायची. शेतात बांध तरी असतो, झाड असतं. मिठागर म्हणजे सगळं सपाट, पांढरं, नजर जाईल तिथपर्यंत. मुकादम पुरुष, गाडीवाले पुरुष. बायका डोक्यावर मिठाच्या पाट्या घेऊन उन्हात फिरायच्या आणि सकाळपासून तोंड कोरडं ठेवायच्या.

"आमी पण पानी नाय प्यायचो गं," ती बोलली. "बाईला पानी का नको असतं ते मला ठावं, आणि मीच तिला दोन दिले."

मग माझ्या चांगल्या हातावर हात ठेवून बोलली, "तिला सांग, आमच्या घरात दिवसभर आमी सासू-सुना. मागच्या अंगणात सोय हाय. हाक मारायची नाय, इचारायचं नाय, सरळ यायचं."

मी आनंदाने घरी येऊन सांगितलं, तर लेक भडकली. मांडवात बसून माझं हे सांगितलंस? आता गाडीत बसणारी प्रत्येक बाई मला तेच विचारेल. दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. आणि तिचं खरंही झालं, एकदोन बायकांनी विचारलं. एकीने तर गाडी गावात शिरता शिरताच विचारलं, जायचंय का गं तुला? लेक बोलली, मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी विचारलं, गेलीस का पण? ती बोलली, गेले.

एवढ्याने स्टार काही भराभर वर गेले नाहीत. मासळीवाली अजून तीनच देते, पाटीतल्या पाण्यावरून एकदा लेकीची बोलणी खाल्ली म्हणून. पण लेक दारात काच खाली करायला लागली. आत येत नाही काकू, इथेच द्या, असं बोलायला लागली. प्यायचं नसेल तेव्हा बाटली पुढे करते, यात ओता, पुढे पिते. लोकांचं तेवढ्यावर भागतं.

नवरात्राच्या सुमाराला हात दाखवायला मी तिच्या गाडीतून दवाखान्यात गेले होते. परत येताना तिने तळोज्याकडचा रस्ता धरला. मी विचारलं, इकडून कुठे? एका गल्लीत शिरून निळ्या फाटकासमोर गाडी लावली, मला बसायला सांगितलं, आणि हाक न मारता सरळ मागच्या अंगणात गेली. बाहेर आली तेव्हा मावशी बरोबर होती. लेक पायरीवर उभी राहून तांब्याने पाणी पीत होती. घोटभर नाही, अख्खा तांब्या, मान वर करून. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती, जसं लहान पोराला औषध संपेपर्यंत बघतात. मावशीने मला गाडीतून उतरूच दिलं नाही, बोलली, तुझा चहा दिवाळीत, तेव्हा सावकाश ये.

गाडी गल्लीतून बाहेर पडल्यावर लेक बोलली, "पुण्याची खोली सोडून देते. सामान आणायला एक फेरी करावी लागेल. येताना तिकडचा पॅसेंजर मिळाला तर सीएनजीचा खर्च सुटेल."

मी हो बोलले. आणखी काही बोलले असते, पण तेवढ्यात मोबाइल वाजला. जवळच बुकिंग आलं होतं, चौघांचं, पनवेल स्टेशनचं, आणि पुढच्या सीटवर मी. तिने माझ्याकडे बघितलं.

नाक्यावर तिने मला उतरवलं. पिशवी हातात दिली, मोडका हात सांभाळ बोलली, आणि गाडी वळवून गेली. मी शेअर रिक्षाची वाट बघत उभी राहिले. रिक्षा यायला बराच वेळ लागला.