विश्वेश वकिलांनी केलेला न्याय

विश्वेश वकील म्हणजे मोठा न्यायी माणूस, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. दूधविनायकच्या गल्लीत राहायचं, बनारसच्या कचेरीत फौजदारी खटले चालवायचे आणि बहुतेक हरायचे. अशील तुरुंगात जाई, विश्वेशराव पान खात घरी येत. घाटावर जमावाने पाकीटमार धरला की हे हात पसरून मध्ये घुसत, "अरे भइया, पहले उसकी सुन तो लो!" एकदा त्या सुनावणीत त्यांचंच पाकीट गेलं.

अशा माणसाला १९९९ साली कंप्युटरचं वेड लागलं. गावातली आणि परगावची काही मराठी मंडळी मिळून फुकट वाटायला पंचांगाचा प्रोग्रॅम बनवत होती. पगार नाही, ऑफिस नाही, सगळी चर्चा ई-मेलवर. खरं काम करणारा एकटा निनाद, मंगला गौरीच्या देवळाजवळ राहणारा कॉलेजातला मुलगा. बाकीचे नुसत्या सूचना करत, आणि त्यात आमचे वकीलसाहेब सगळ्यांच्या पुढे. पुण्याच्या एका कंपनीत निनादची नोकरी जवळजवळ ठरली होती. मंडळींनी 'पोरगा चांगला आहे' एवढं कळवलं की झालं.

रेल्वेतले दत्तात्रेय नुकतेच बदलून बनारसला आले होते. विश्वेशरावांनी हौसेने फ्लॉपी नेऊन त्यांच्या घरी प्रोग्रॅम बसवून दिला. दत्तात्रेयांच्या वडिलांची तिथी माघ वद्य पंचमी. प्रोग्रॅमने सांगितलेल्या दिवशी श्राद्ध झालं, ब्राह्मण जेवून गेले. मग इंदूरहून बहिणीचा, शरदिनीचा फोन आला. "दादा, आप्पांचं श्राद्ध तर पुढच्या महिन्यात ना रे?"

झालं! विश्वेशरावांचं डोकं फिरलं. तडक विद्यापीठाजवळच्या लंका नावाच्या वस्तीतला सायबर कॅफे गाठला आणि 'पितरांशी खेळ करणारा हा मुलगा मंडळीत नको' असा मेल ठोकला. संध्याकाळपर्यंत सगळे पेटले. कधी एक ओळ न लिहिणारे लिहू लागले. ज्यांचे वडील घरात ठणठणीत बसले होते, तेसुद्धा पितरांसाठी रडले. निनादने एवढंच लिहिलं, 'एकदा मला दत्तात्रेयकाकांचा कंप्युटर पाहू द्या.' त्याला कुणीही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो मंडळीतून बाहेर.

"अहो, चोराची सुनावणी मागत गावभर फिरता," प्रमोदिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आणि या पोराला साधं विचारायलाही नको?"

"तू मध्ये पडू नकोस. हा धर्माचा प्रश्न आहे."

पुढच्या आठवड्यात ते शाळामास्तर वेणीमाधवांकडे प्रोग्रॅम बसवायला गेले. सुरुवातीलाच पडद्यावर प्रश्न आला : महिना दक्षिणी की काशी? वकीलसाहेबांची छाती फुगली. पाच पिढ्या गंगेचं पाणी प्यालेली! "आम्ही काशीचेच!" म्हणत त्यांनी बटण दाबलं.

"अहो, काय करता?" वेणीमाधव ओरडले. "आपण मराठी. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्यांचा पौर्णिमेला. काशी दाबलंत तर वद्य पक्षातली प्रत्येक तिथी महिनाभर आधी येईल."

विश्वेशरावांनी बटणावरचं बोट झटकन उचललं. दत्तात्रेयांकडेही त्यांनी अशीच छाती फुगवून काशीच दाबली होती. प्रोग्रॅम बरोबर होता. चुकला होता तो बसवणारा गाढव.

कॅफेत बसून त्यांनी सगळं कबूल केलं. 'मंडळी देतील ती शिक्षा भोगेन' असंही लिहिलं, आणि घाबरत घाबरत उत्तरांची वाट पाहिली. उत्तरं आली. 'वकीलसाहेब, होतं असं कधीकधी.' 'तुमचा मोठेपणा!' दत्तात्रेय म्हणाले, "जाऊ द्या हो, खरी तिथी अजून यायची आहे, पुन्हा करू." निनादला परत घ्यावं, असंही एकाने सुचवलं. पण पुण्याच्या कंपनीने मध्यंतरी चौकशी केली होती, आणि 'त्याला आम्ही काढलं आहे' असं मंडळींनी तत्परतेने कळवूनही टाकलं होतं. कंपनीने दुसरा मुलगा घेतला.

विश्वेशराव मंगला गौरीला निनादच्या घरी गेले. तोंड कुठे लपवावं कळत नव्हतं. उंबऱ्यातच त्यांनी सगळं सांगून टाकलं. कंपनीला आपण स्वतः पत्र लिहितो म्हणाले.

"जागा भरली, काका," निनाद म्हणाला. मग त्याने विचारलं, "तुम्हाला कुणी काहीच बोललं नाही?"

"नाही रे."

"मग मलाच का?"

इतकी वर्षं विश्वेशरावांनी पैसे घेऊन उत्तरं दिली होती. हे उत्तर फुकट होतं, आणि तेच सगळ्यांत महाग पडलं.

"तुझ्यावर ओरडायला पहिला मी निघालो, म्हणून. माझ्यावर ओरडायला पहिला कुणी निघालाच नाही." ते मान खाली घालून म्हणाले, "तू ओरड बाबा. तुझा हक्क आहे."

निनादने त्यांच्याकडे पाहिलं. "आधी आत तर या, काका," तो म्हणाला आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

त्यापेक्षा पोराने चार शिव्या हासडल्या असत्या, तर चहा घशाखाली उतरला तरी असता.