आजारी खालचीच गल्ली

त्या उन्हाळ्यात औरंगाबादच्या एका वस्तीत कावीळ पसरली. मी महापालिकेत नवाच स्वच्छता निरीक्षक होतो, देवगाव रंगारीहून आलेला, आणि कारण हाती लागावं याची मला घाई झाली होती. वस्तीच्या खालच्या गल्लीत संध्याकाळी एक म्हातारा बर्फाच्या गोळ्याची गाडी आणायचा. बर्फ गोणपाटात, गोणपाट धुळीत. मी बर्फाचा नमुना तपासणीसाठी घेतला. भोवतीच्या बायकांनी विचारलं तेव्हा बोलून गेलो, "ह्याच्या बर्फानंच झालं असंल."

दोन दिवसांनी वस्तीतली एक पोटुशी बाई काविळीनं गेली. तिचा नवरा चितेगावच्या कारखान्यात वेल्डर होता. तिला पोचवून माणसं परतली ती थेट गोळ्याच्या गाडीवर. मी कोपऱ्यावर क्लोरीनच्या बाटल्या वाटत होतो. गाडी उलटली, सरबताच्या बाटल्या फुटल्या. वेल्डरनं सळई उचलली. म्हाताऱ्यानं डोक्यावर हात आडवा धरला आणि कोपराचं हाड मोडल्याचा आवाज मला पंधरा पावलांवर ऐकू आला. मी मधे घुसलो. कुणीतरी ढकललं, मी गटारीत पडलो. पोलीस येईपर्यंत लाथा चालूच होत्या. मी नुसता संशय घेतला होता, हे ओरडून सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

सरकारी दवाखान्यात म्हाताऱ्याचे पुढचे दात गेलेले, हात प्लॅस्टरमध्ये. तो हळू बोलला, "साहेब, मी सकाळी शाळेपाशी असतो, दुपारी वरच्या गल्लीत. बर्फ एकच. मग आजारी खालचीच गल्ली कशी?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता.

मी घरोघर फिरून नकाशा काढला. नळाला पाणी यायच्या दिवशी पाइपाच्या कडेकडेनं चाललो. वस्तीत प्रत्येक नळाला मोटार होती. एकानं लावली म्हणून शेजाऱ्यानं लावली. सगळ्या एकदम ओढायला लागल्या की पाइप रिकामा पडायचा, आणि खालच्या गल्लीजवळ, जिथं तो नाल्यातून जात होता, तिथल्या फुटक्या सांध्यातून नाल्याचं पाणी आत शिरायचं.

मंदिरासमोर लोक जमवून मी हे सांगितलं. वेल्डर पुढं आला.

"म्हंजे आमीच मारलं तिला?"

"तुमी एकट्यांनी नाय. पाणी पुरत नाय म्हणून मोटारी, मोटारींमुळं पाणी आणखी कमी. पाइप फुटका ठेवला तो आमी. आणि बर्फाचं नाव मी घेतलं, तपास न करता."

त्यानं माझी कॉलर धरली. मागून दगड आला, भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं. मी जागचा हललो नाही. मला ढकलून वेल्डर घरात गेला, मोटार उपटून आणली आणि फरशीवर आपटली, तुकडे होईस्तोवर आपटत राहिला. कुणी त्याला अडवलं नाही.

पुढच्या आठवड्यात पाइप बदलला. मोटारी काढायला महिना लागला, दोनदा हाणामारी झाली. मग हळूहळू नवे रुग्ण थांबले.

म्हाताऱ्याचा हात सरळ झाला नाही. तो कन्नडला लेकीकडं निघाला तेव्हा मी स्टँडवर गेलो. एसटीत चढताना त्याला दांडा धरता येईना. मी मागून आधार दिला. माफी मागितली तेव्हा तो खिडकीशी बसला होता.

"व्हय, ऐकलं," एवढंच तो म्हणाला.