कोऱ्या कागदावरची सही

“पाय बाहेरच ठेव,” साहेब म्हणाले. “प्लास्टरचा चुरा पडतो.”

खुर्ची दारातच ठेवली होती. मी अर्धा आत, पाय व्हरांड्यात. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या साहेबांच्या त्या बंगल्यात याआधी एकदाच आलो होतो, खिडकीचं ग्रिल वेल्ड करायला. ग्रिल अजून घट्ट होतं.

मागायला गेलो होतो एक चिठ्ठी. महिन्यापूर्वी साहेबांची कार उलट्या बाजूने वळली आणि माझ्या मोटरसायकलवर आली. कार तेच चालवत होते. माझ्या नडगीचे दोन तुकडे झाले, आत रॉड बसला. वेल्डरला दिवसभर उकिडवं बसावं लागतं. डॉक्टर म्हणाले, आता ते विसरा. भरपाई विमा कंपनी देणार, साहेबांच्या खिशातून छदाम जाणार नव्हता. धडक आपल्या कारची होती, एवढंच त्यांनी लिहून द्यायचं.

साहेबांनी सावकाश चहा संपवला. “तूच लिहून दिलंयस ना, गिट्टीवरून घसरलो म्हणून? खाली सही आहे तुझी. आता मला खोटं बोलायला लावतोस?”

मी तर काहीच लिहून दिलं नव्हतं. मग आठवलं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी टाउनशिपचा सिक्युरिटी इन्स्पेक्टर दवाखान्यात आला होता. हातात कोरा कागद. “बस एक साइन कर दो भैया, बाकी हम भर लेंगे.” मी केली. कशावर, ते विचारलंसुद्धा नाही.

का केली, हे बाहेरच्या माणसाला पटणार नाही. कारखाना सरकारी, पण आम्ही ठेक्यावरचे. दर महिन्याला ठेकेदाराचा मुन्शी कोरे कागद पुढे करतो. आम्ही खाली सही करतो, तेव्हा पगार हातात पडतो. वर नंतर काय भरतात, आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. बारा वर्षं हेच केलं. कोरा कागद दिसला की हात आपोआप चालतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

निघताना साहेब मऊ झाले. “हे बघ, इथे भोपाळमध्ये आपण मराठी माणसं किती? एकमेकांना सांभाळून घ्यायचं असतं.”

त्यांच्या मंडळाच्या गणपतीचा मांडव दरवर्षी मी उभारायचो. आरतीला मात्र मागे, चपलांजवळ. तेव्हा मी आपला नव्हतो का, हे तोंडावर विचारायला हवं होतं. मी “बरं साहेब” म्हणालो आणि कुबडी उचलली. त्या “बरं”ची मला आजही चीड येते.

तरी एका वकिलाने दावा लावून दिला. दीड वर्ष नुसत्या तारखा. शेवटी माझी साक्ष निघाली. साहेबही येऊन बसले होते. विमा कंपनीच्या वकिलाने तो कागद माझ्यासमोर धरला.

“दस्तखत आपके हैं?”

“जी.”

“कहाँ तक पढ़े हैं?”

“दसवीं.”

“दसवीं पास आदमी बिना पढ़े साइन करता है?”

लोक हसले. माझा वकीलही हसला. तो हसला तेव्हा माझं डोकं फिरलं.

“करता है साहब. बारह साल हर महीने किया, इन्हीं साहब के कारखाने में. नहीं करता तो तनख्वाह नहीं मिलती.”

न्यायाधीश म्हणाले, “जितना पूछा जाए, उतना बोलिए.”

टायपिस्टने जबाब छापला, कागद माझ्याकडे सरकवला, सहीची जागा बोटाने दाखवली. माझा हात पेनाकडे गेलाच. तो मी मागे घेतला.

“पहले पढ़ूँगा.”

कुबडीवर रेलून उभ्यानेच वाचलं, ओळ न् ओळ. तोवर पुढच्या केसचा पुकारा झाला. सही माझी आहे, हे जबाबात होतं. दहावी पास, हेही होतं. मी बारा वर्षांचं जे बोललो, त्यातला एक शब्द नव्हता.

वकील कानाशी लागला. “कर दो यार, जज साहब नाराज हो जाएँगे. केस बिगड़ जाएगा.”

बिघडेल, हे मलाही कळत होतं. पायाचं वाटोळं झालंच होतं, आता भरपाईही जाईल. पण मी न्यायाधीशांकडे बघून सांगितलं, “मैंने जो कहा, वो लिखवाइए. तब साइन करूँगा.”

त्यांनी पुढची तारीख दिली. मग तिच्या पुढची. तो जबाब माझ्या सहीशिवाय फाइलीत पडून आहे. माझं बोलणं त्यात येईपर्यंत तसाच पडून राहील. दावा बुडाला तर बुडो.