नारिंगी स्फटिक

मुक्ताने काचेची कुपी खिडकीच्या उजेडात धरली. आत मसुराच्या डाळीएवढा नारिंगी स्फटिक चमकत होता. माझी ही लेक प्रयोगशाळेत पेरोव्हस्काइट नावाच्या पदार्थाचे असे स्फटिक वाढवते.

"बाबा, अगदी थोडे क्ष-किरण पडले तरी याला जाणवतात. एक्स-रेत बारीकसा डागसुद्धा नजरेतून निसटणार नाही."

तिच्या आईच्या फुप्फुसातला डाग मात्र एक्स-रेच निघाला नाही म्हणून निसटला होता. तालुक्याच्या दवाखान्यातलं मशीन बंद होतं, म्हणून खोकल्याचं औषध देऊन तिला परत पाठवलं. शहरात पोचलो तोवर उशीर झाला होता.

"आपल्याकडे कधी येईल हे?" मी विचारलं.

"येईल की, थोडी वर्षं लागतील."

आईसाठीच ती हे शिकली. म्हणून तिला सांगवलं नाही, की गेल्या आठवड्यात मी त्याच दवाखान्यात गेलो होतो. नवं मशीन केव्हाच आलंय. चालवायला माणूस नेमलेला नाही, त्यामुळे खोलीला कुलूप आहे. बाहेर बाकावर एक बाई खोकत बसली होती. "शहरात जाऊन दाखवा," मी तिला म्हणालो.

ती ओशाळून हसली. "एवढं कुठं काय झालंय मला?"

माझी बायकोही हेच म्हणाली होती.