नूरमोहम्मदचाचांचा जाड कागद

चिकलठाण्याच्या नूरमोहम्मदचाचांना पातळ कागद सोसत नाही. त्यावर छापायची वेळ आली की पाणचट चहा पुढ्यात आल्यासारखं त्यांचं तोंड होतं. कागद कानाशी धरून ते टिचकी मारतात. वाजला तर कागद, नाहीतर रद्दी. छापखान्यात डोक्याचे केस पिकले, पण ही हौस काही पिकली नाही.

निशानं बँकेतली नोकरी सोडून गारखेड्यात रोपवाटिका काढली, तेव्हा तिचे वडील साहेबराव एवढंच म्हणाले, "उद्घाटनाला कुत्रं तरी येईल का?" तेव्हापासून पोरीला एकच ध्यास: रविवारी जागा माणसांनी भरली पाहिजे. मोबाइलवरचं आमंत्रण लोक अंगठ्यानं सरकवून मोकळे होतात, म्हणून तिनं छापील कार्ड पोस्टानं धाडायचं ठरवलं आणि चाचांचा छापखाना गाठला. मधोमध घडी. डावीकडं आमंत्रण आणि फोन नंबर, उजवीकडं पत्ता नि नकाशा. मागची बाजू कोरी.

चाचांनी नमुना करून दाखवला. घडी इतकी सुरेख बसली की निशा हरखली. घोळ एवढाच, की नमुना हाताला लागलेल्या पातळ कागदाचा होता आणि कार्डं छापली गेली चाचांच्या लाडक्या जाड कागदावर.

मंगळवारी त्यांच्या बेगम हसीनाचाची घड्या घालायला बसल्या. कार्ड दुमडलं की घडीवर शाई तडके, हात सोडला की कार्ड आ वासे. पाकिटात कोंबावं तर पाकीट उसवे.

"हे कार्ड हाय का पोळपाट?" चाचींनी विचारलं.

"आवाज तर ऐक त्याचा."

"मग आवाजच टाका पोस्टात."

तेवढ्यात निशा आली. तडकलेली घडी पाहून स्टुलावर टेकली. "चाचा, आता परत छापायला वेळ नाय. कुणी आलं नाय ना, तर बाबा जन्मभर ऐकवतील."

"गलती माझीच, बेटा. ज्या कागदावर छापायचं, त्याचाच नमुना करायचा. हे मी सगळ्यांना शिकवतो."

"एक माणूस राहिला शिकवायचा," चाची म्हणाल्या आणि कार्डांचा गठ्ठा कटिंग मशीनकडं सरकवला. "घडीवरच कापा. एकाची दोन होतील. मागं कोरं हाय, तिथं पत्ता नि तिकीट. पाकिटाची भानगडच नको."

जादा तिकिटं चाचांनी आणली. पण पत्त्यांच्या चिठ्ठ्या एकदाच छापलेल्या होत्या. त्या आमंत्रणाच्या अर्ध्यावर लागल्या आणि ती कार्डं बुधवारीच निघाली. नकाशाच्या अर्ध्यावर चाची हातानं पत्ते लिहीत बसल्या. ती गेली गुरुवारी.

शुक्रवारी निशाचा फोन तापला. "ये म्हणतेस, पण कुठं ते लिही की." "अगं, रोपवाटिका काढली, जागा काढायची विसरलीस का?" बँकेतली रत्नमाला तर पोटभर हसून घेऊन म्हणाली, "आता बघायलाच येते." ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं, तेही बोलले, गुलाब मिळेल का, गच्चीवर काय लावू, विचारून बसले. शनिवारी त्यांच्या हातात पत्ता नि नकाशा पडला, तेव्हा "सापडली वाटतं जागा!" म्हणायला परत फोन.

रविवारी जागा अशी भरली की खुर्च्या पुरेनात. साहेबराव तर मोगऱ्याच्या कुंड्यांपाशी उभेच होते आणि आल्यागेल्याला शेणखत किती घालायचं ते सांगत होते. जास्वंदीला हात लावणाऱ्या एका गृहस्थांना म्हणाले, "सांभाळून साहेब, आमच्या पोरीची झाडं हायेत."