भिंतीवरची झोपलेली बाई

वसुधाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओपीडीत होते. त्यांचे यजमान श्रीकांतराव नाशिकहून एवढंच म्हणाले, “मृणाल, वसुधा गेली... सकाळी.” समोर पेशंट बसला होता. मी त्याचं ब्लडप्रेशर पुन्हा मोजलं, कारण आधीचा आकडा आठवेना.

रियाधच्या आमच्या कंपाउंडमध्ये त्या आल्या त्या बँकेतल्या नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर. त्याआधी वीस वर्षं त्यांनी कॉलेजात कलेचा इतिहास शिकवला होता. इथे वर्ग नाही, म्हणून शुक्रवारी, जुम्म्याच्या सुट्टीला त्या कंपाउंडमधली मुलं जेवणाच्या टेबलाभोवती गोळा करायच्या. सतराव्या शतकातली डच छापचित्रं हा त्यांचा जीव की प्राण. स्वयंपाकघर, पाळणा, भांडी घासणाऱ्या बाया... रोजचं साधं घर आणि त्यातल्या वस्तूंत दडवलेला उपदेश. विझलेली मेणबत्ती म्हणजे सरणारं आयुष्य, रिकामा पिंजरा म्हणजे गेलेली अब्रू. भिंतीवर अशाच एका चित्राची प्रत होती. चुलीपाशी बसल्या बसल्या झोपलेली बाई, कलंडलेला चंबू, ताटातल्या माशाला तोंड लावणारी मांजर, आणि खाली चार ओळींत आळशी गृहिणीची खरडपट्टी. मुलं ओरडायची, “आंटी, शी इज लेझी!” ताई म्हणायच्या, “ते खाली लिहिलंय. चित्रात काय दिसतंय ते सांगा.” माझी नऊ वर्षांची ईरा एकदा बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आंटी, ये तो बहुत थकी हुई है.” ताईंनी तिला जवळ घेतलं. मला मात्र त्यांचं हे सगळं रिकामपणाचं वाटायचं... दिवसभर पेशंट बघून आलेल्या माणसाचा गर्व, दुसरं काय.

गेल्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. गप्पा रंगात आलेल्या असताना सोफ्यावर ताईंचा डोळा लागला आणि हातातला चहा गालिच्यावर सांडला. मी म्हणाले, “अगं बाई! ताईंच्या भिंतीवरची बाई आज आमच्याकडे आली वाटतं. मांजर तेवढी आणायची राहिली!” सगळ्या हसल्या. ताईही हसल्या. फडकं मागून घेऊन वाकल्या आणि पुसता पुसता मध्येच खाली बसल्या. त्यांच्या हाताची नखं पांढरीफटक होती. ती मला दिसली होती. दिसली नव्हती, असं म्हणता आलं असतं तर हा लेख मी वेगळा लिहिला असता.

आतड्याचा कॅन्सर कळला तो चार महिन्यांनी, सुट्टीवर नाशिकला गेल्यावर. फार उशीर झाला होता. कितीतरी महिने आतल्या आत रक्त जात होतं; नखं पांढरी पडली होती ती त्यानेच.

मागच्या आठवड्यात श्रीकांतराव इथलं घर आवरायला आले. मी मदतीला गेले, तर ताईंच्या साड्यांच्या घड्या घालत ते सहज बोलून गेले, “किती वेळा म्हटलं, तपासून घे. तर म्हणायची, मृणाल डॉक्टर आहे, तिच्यासमोरच झोपले होते मी. काही असतं तर ती हसली असती का?”

त्यांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हटलं, “चहा टाकू का?”

काल, हा लेख पाठवण्याआधी, त्यांना फोन करून नखांचं सांगितलं. ते म्हणाले, “तेही लिहा.” आणि फोन ठेवला.