मी हात दिला नाही

माझ्या नणंदेला तलावावर सगळे बदकबाई म्हणत. पोहायला शिकायला आलेली पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, ओल्या फरशीवरून एका ओळीत पाण्यापर्यंत जायची आणि ताई पुढे, पायात रबरी चपला, गळ्यात शिट्टी, किंचित डुलत. हे नाव आधी त्यांच्या पाठीमागे घेतलं जायचं, मग समोरही घेतलं जाऊ लागलं. त्यांनी मनावर घेतलं नाही. म्हणायच्या, "बदक बुडत नाही. दुसरं काही ठेवलं असतं तर विचार केला असता."

लग्न केलं नव्हतं. आमच्याच घरात, मागच्या खोलीत राहायच्या. नणंद-भावजयीचं जे काही ऐकून मी या घरात आले होते त्यातलं एकही माझ्या वाट्याला आलं नाही, कारण ताई मुळात बोलायच्याच कमी. पाण्यात लांबलचक बोलून उपयोग नसतो. पोरांच्या कानात पाणी, डोळ्यांत भीती. तिथे "श्वास!", "पाय!", "वर बघ!" एवढंच पोचतं. तीच सवय घरात. जेवताना "मीठ" म्हणायच्या, आणि आम्ही समजून घ्यायचं, कमी झालंय की पुढे सरकवायचंय ते.

फोनवर पान उघडायचं खूळ त्यांचं नव्हतं. मुलांच्या आयांनी आग्रह केला, "बाई, रोज कोण काय शिकलं ते लिहा, कामावर असतो, आम्हाला कळत नाही." तेव्हा ताई घरी आल्यावर केस पुसता पुसता एका बोटाने दोन-चार ओळी लिहू लागल्या. "जाड्या आज तरंगला. तोच घाबरला." "दोघी बहिणी. एकीला सोडलं की दुसरी रडते. आज दोघींना सोडलं." वाचणाऱ्यांना मजा यायची. काठावर टॉवेल घेऊन उभी राहिलेली ही माणसं. ताईंनी जे लिहिलं नसेल ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असायचं. मग हळूहळू अनोळखी लोकही वाचू लागले. ताईंना त्याचं काही नव्हतं. वाचतात तर वाचू देत.

त्या वर्षी एक मुलगी आली होती, आठेक वर्षांची. लहानपणी पाण्याच्या टाकीत पडली होती, तेव्हापासून डोक्यावरून पाणी घेताना किंचाळायची. अंगावर थेंब उडाला तरी मांजरासारखं अंग चोरायची, म्हणून ताई तिला माऊ म्हणायच्या. तिची आई इस्पितळात नर्स. रात्रपाळी संपवून थेट तलावावर यायची आणि बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची. पहिले कितीतरी दिवस माऊ फक्त पायरीवर बसली. मग गुडघ्यापर्यंत. मग ताईंच्या गळ्याला मिठी मारून छातीपर्यंत. एकदा तिने पाण्यात तोंड घातलं तर ताईंनी घरी येऊन मला मिठी मारली. आमच्याकडे मिठ्या मारायची पद्धत नाही. मी दचकलेच.

आणि एका सकाळी त्यांनी तिला सोडलं. पाणी माऊच्या डोक्यावरून जाईल इतकं, ताईंच्या छातीला लागेल इतकं. ताई तिच्यासमोर, हात पुढे केला तर हातात येईल इतक्या अंतरावर, उलट्या पावलांनी मागे मागे सरकत होत्या. माऊ रडली, ओरडली, एक गटांगळी खाल्ली. आई बाकावरून उठून काठावर आली होती. ताईंनी तिला मानेनेच "थांब" म्हटलं. आणि पोरगी काठाला लागली.

घरी येऊन ताईंनी लिहिलं:

"आज माऊला खोल पाण्यात सोडून दिलं. रडली. हाका मारल्या. गटांगळी खाल्ली. मी हात दिला नाही.

आणि मग पोरगी हातपाय मारत स्वतः काठाला आली. वर येऊन म्हणाली, बाई, परत एकदा. इतकी वर्षं शिकवतेय, आज शिकवणं कळलं."

फोनवर यातल्या पहिल्या ओळी तेवढ्या दिसत. खाली बारीक अक्षरात "पुढे वाचा". त्याच्यावर बोट ठेवलं तर माऊ काठाला येणार. नाही ठेवलं तर ती पाण्यातच.

संध्याकाळी पहिला शेरा आला. "बाई आहात की राक्षसीण?" ताईंना वाटलं कुणी पालक चेष्टा करतोय. त्यांनी हसरं तोंड पाठवलं. ते हसरं तोंडच नडलं. कुणीतरी वरच्या तेवढ्या ओळींचं आणि त्याखालच्या हसऱ्या तोंडाचं फोनच्या पडद्यावरूनच चित्र घेतलं, त्यावर लाल गोल केला आणि पुढे पाठवलं: "मुलांना बुडवून हसणाऱ्या या बाईपासून सावध राहा."

दुसऱ्या दिवशी ताई तलावावरून आल्या त्या फोन हातात धरूनच. "हे बघ गं," म्हणाल्या, "हे काय चाललंय?"

माझा नवरा ऑफिसला निघाला होता, तो बूट न काढता परत आत आला. वाचत गेला तसा त्याचा चेहरा उतरला. "ताई, हा तर ध चा मा झाला."

"अरे, ध तरी पूर्ण वाचला का कुणी?"

"पण तू तरी कशाला असं लिहिलंस? 'मी समोरच उभी होते' एवढं एक वाक्य टाकलं असतं तर?"

"ते काय लिहायचं? मी समोर नसेन तर कुठे असेन?"

"ते तुला माहीत."

"आणि त्यांना पुढे वाचायला काय झालं होतं?"

दोघांचंही बरोबर होतं आणि त्या दोन बरोबरांनी काही होत नव्हतं. फोन मात्र मिनिटामिनिटाला थरथरत होता.

ताईंनी स्वतःच्या मनाने खुलासा लिहिला. आम्हाला विचारलं असतं तर आम्ही तो पाठवू दिला नसता. "थोडं पाणी नाकात गेल्याशिवाय कुणी शिकत नाही." पोहणाऱ्या कुणालाही विचारा, खरंच आहे. पण आता ते वाचणारे पोहणारे नव्हते. आगीत तेल पडलं. मग मी बसले आणि सगळं सविस्तर लिहिलं: पाणी किती होतं, ताई कुठे होत्या, माऊची आधीची भीती, सगळं. दोनदा वाचून पाहिलं, कुठे फट राहिली नव्हती. त्यावर लोकांचं म्हणणं एकच: "एवढं मोठं लिहावं लागतंय म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय." ते मोठं किती जणांनी वाचलं, देव जाणे.

माऊच्या आईला राहवलं नाही. तिने लिहिलं, "ही माझी मुलगी आहे. बाईंनी जे केलं ते माझ्या डोळ्यांसमोर केलं. मी तिथेच उभी होते." आम्हाला वाटलं, आता मिटलं. आईपेक्षा मोठी साक्ष कुठली? पण तिचं वाक्य उचललं गेलं ते असं: "सख्खी आई उभी राहून बघत होती!" मग तिचं नाव, तिचं इस्पितळ, तिचा फोटो. इस्पितळात फोन जाऊ लागले की असल्या बाईच्या हाती रुग्ण कसे देता.

ती आमच्या घरी आली, नर्सच्या कपड्यांतच. चहा ठेवला तर तिने कपाला हात लावला नाही.

"बाई, मी ते काढून टाकलंय," ती म्हणाली. "घरात रोज भांडण. सासरे म्हणतात, तूच हात दाखवून अवलक्षण करून घेतलंस. माऊला आता नाही पाठवणार. तुम्ही रागावू नका."

"माऊ काय म्हणते?"

"तिला वाटतंय तिचंच काहीतरी चुकलं. ती रडली म्हणून हे झालं, असं." तिने डोळे पुसले. "मी सांगते समजावून. पण तिला काय सांगू तेच मला कळत नाही."

ताई तिला दारापर्यंत सोडायला गेल्या. तिच्या पाठीवर हात ठेवला. आत आल्या आणि खुर्चीवर बसून राहिल्या.

तलावाचे व्यवस्थापक चांगले गृहस्थ. त्यांची स्वतःची दोन्ही मुलं ताईंच्याच हाताखाली शिकली होती. त्यांनी ताईंना बोलावून घेतलं. "बाई, मला का सांगता? मला माहीत नाही का? पण वरून फोन आला. थोडे दिवस विश्रांती घ्या. शांत होऊ दे." मग म्हणाले, "तुम्ही लिहिलंत तरी कशाला हो?" ताईंनी शिट्टी गळ्यातून काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. "सरकारी आहे," एवढंच म्हणाल्या.

सगळ्यात घाणेरडे शेरे लिहिणाऱ्यांपैकी एक आमच्याच रस्त्यावरचा निघाला. सायकलवाला. दुकानाच्या नावानेच लिहायचा. "हिलाच दगड बांधून बुडवा." ताई म्हणाल्या, चल. मी खूप नको म्हटलं, पण त्या ऐकेनात.

तो चाकाची तार ताणत बसला होता. हात काळे. ताई म्हणजेच ती बाई, हे त्याला ठाऊक नव्हतं. बसायला स्टूल पुढे केलं, वर फडक्याने पुसलंसुद्धा. ताईंनी फोन त्याच्यापुढे धरला. "हे तुम्ही लिहिलंत ना? आता हे सगळं वाचा. मी थांबते."

त्याने वाचलं. ओठ हलवत, सावकाश, शेवटपर्यंत. मग वर बघितलं, ताईंकडे, माझ्याकडे. कानापर्यंत लाल झाला.

"असं होय," म्हणाला. "मग हे आधी लिहायचं ना, बाई."

"खाली होतं."

"खाली कोण जातंय हो? दिवसभर केवढं येतं. हातात पाना, कडेला फोन. मी काय वाचून लिहितो असं नाही. लिहिता लिहिता वाचतो." त्याने फडक्याने बोट पुसलं आणि आमच्यासमोर आपला शेरा खोडून टाकला. "माझीपण मुलगी आहे. माझं डोकंच फिरलं होतं वाचून. झालं आता?"

तो खोटं बोलत नव्हता. राग खरा होता, लाजही खरी होती. ताईंनी मान हलवली. "झालं."

रस्त्याने परतताना मी म्हटलं, "निदान एक तरी समजला."

"हं," ताई म्हणाल्या. "आता बाकीच्यांकडे कुठल्या रस्त्याने जाऊ?" थोडं चालून पुन्हा म्हणाल्या, "त्याचंही खोटं नाही गं. मी लिहिताना काठावरच्यांसाठी लिहीत होते. काठावर नसलेले वाचतायत हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं तसंच."

ती विश्रांती संपली नाही. तलावावर दुसरे शिक्षक आले. ताईंनी पान बंद केलं, पण ते चित्र अधूनमधून कुठून तरी वर येतं, लाल गोलासकट, दर वेळी आजच घडल्यासारखं. परवा माझ्या मावसबहिणीनेच मला ते पाठवलं, "तुमच्या भागातली दिसते, जपून राहा गं." मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अय्या, खरंच? पण आगीशिवाय धूर निघतो का?"

मध्यंतरी एका बाईंचा फोन आला. त्यांच्या सोसायटीत छोटा तलाव आहे, मुलीला शिकवाल का, दुप्पट देते, फक्त कुणाला कळायला नको. ताईंनी ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. "लपून पोहायला शिकवता येत नाही," त्या म्हणाल्या. "ओरडावं लागतं."

आता त्यांचे निरोप लांबलचक येतात. आठवड्यापूर्वी मी बाजारात असताना एक आला: "मी खाली दुकानात जात आहे, म्हणजे घर बंद आहे, किल्ली शेजारी दिली आहे, तब्येत बरी आहे, सहज जात आहे, काळजीचं कारण नाही." पूर्वी त्यांनी "खाली" एवढंच लिहिलं असतं.

नवऱ्याने जेवताना विषय काढला. "ताई, एवढं कशाला लिहितेस? आम्हाला कळतं तुझं."

"काही राहायला नको," ताई म्हणाल्या.

"आणि तरी राहिलं तर?"

ताईंनी पानातला घास उचलला, पुन्हा खाली ठेवला. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत होतो. मीठ हवंय का, हेही मला त्यांना विचारावंसं वाटेना; त्याचाही त्या खुलासा देत बसल्या असत्या.